सोडायला लावलेला झेल

विजू,

परवा घरी तुझ्यासाठी प्रार्थना ठेवली होती. नातवंडं लांब, कुणाला येता आलं नाही. रोहन मेलबर्नला, अनया टोरंटोला. म्हणून अनयाने तुझा तो व्हिडिओ नीट कापून, मागे पियानो लावून, शेवटी तुझं नाव घालून पाठवला आणि पाळकसाहेबांनी तो बैठकीच्या खोलीत भिंतीवर दाखवला. त्यात तू शेवटच्या बॉलवर चौकार मारतोस, दौंड जिंकतं आणि तू बॅट वर करतोस. मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. मी मात्र भिंतीकडे पाहिलंच नाही. दाराबाहेर काढलेल्या चपलांच्या रांगेकडे बघत बसले, कारण एक चप्पल वाकडी पडली होती आणि उठून ती सरळ करायचं धैर्य मला होत नव्हतं.

तो व्हिडिओ खोटा आहे हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरा दाराला टेकून उभा असलेला किरण.

हे पत्र तुला आहे. पण ते रोहन आणि अनया वाचणार आहेत, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तू कंटाळून ‘म्होरं, म्होरं’ म्हणशील. म्हण.

तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारात आपण वाढलो. आपले वडील, दादा, तिथल्याच शाळेत मास्तर होते. तू उशिरा चाललास, उशिरा बोललास, आणि एकदा बोलायला लागलास तो थांबला नाहीस. तुला जे होतं त्याला डॉक्टरी नाव आहे हे आपल्याला फार नंतर कळलं. तोवर लोक म्हणायचे, मास्तरांचा धाकटा जरा साधा आहे. मी पुण्याला जाऊन इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तुला कवठे येमाईला मावशीकडे धाडलं होतं. मुलांना मी आजवर सांगत आले की आईने धाडलं. आईने नाही धाडलं. मी हट्ट केला. पाहुणे गेल्यावर तू परत आलास आणि मावशीने दिलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतून म्हणालास, ‘पावणे चांगले व्हते का?’

आई गेल्यावर तू दौंडला माझ्याकडे आलास. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि घरात सगळ्या गोष्टींना जागा होती. तुलाही एक जागा दिली. कपाटाचा खालचा कप्पा, जेवणाची ठरलेली वेळ, खेळाच्या सामानाला वेताची टोपली. तुझी भाषाही मी सुधारायला घेतली. ‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’ म्हण, असं रोज बजावायचे. तू म्हणायचास, ‘ताई, मी तेच म्हनतोय.’

तू काही देवदूत नव्हतास. लुडोत फासा हळूच उलटा करायचास. नाताळच्या करंज्या डब्यातून कमी झाल्या की उंदराचं नाव घ्यायचास आणि वर उंदराला शिव्याही घालायचास. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना त्यांचा स्वयंपाक कसा झालाय हे जिन्यातूनच ओरडून सांगायचास. फक्त क्रिकेटमध्ये तू लबाडी करत नव्हतास. असं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वरवंडच्या विशेष शाळेतल्या सरांनी तो मिश्र संघ काढला तेव्हा तू पन्नाशीत होतास. दोन संघ, शिरूर आणि दौंड. प्रत्येकात सहा जण तुझ्यासारखे आणि पाच जण बाकीचे. या पाचांना सर ‘जोडीदार’ म्हणत आणि तुम्हा सहांना ‘खेळाडू’. मी मात्र तुम्हाला ‘मुलं’ म्हणत असे. ‘आपल्या मुलांची आज मॅच आहे.’ त्या मुलांतल्या एकाचे केस पूर्ण पिकलेले होते आणि तो माझा भाऊ होता.

सरांचा नियम एकच. बॉल हळू टाका, पण खोटा टाकू नका. ज्याला जेवढा वेग झेपतो तेवढा द्यायचा, पण आउट करायचा प्रयत्न मनापासून करायचा. जोडीदारांना ते पहिल्याच दिवशी सांगत की इथे दया करायला आला असाल तर घरी जा, शेतावर पुष्कळ कामं पडलीत.

मी निवृत्त होते आणि अक्षर चांगलं होतं म्हणून स्कोअरची वही माझ्याकडे आली. त्या वहीत एक खाडाखोड नाही. तुझा हिशेब वेगळा होता. आकडे वीसच्या पुढे गेले की तुझ्या हातून निसटायचे, म्हणून तू खिशात चिंचोके ठेवायचास. एक रन काढला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी आलास की ते मोठ्या डब्यात पडायचे. तो खळखळाट ऐकून मला स्वयंपाकघरातूनच कळायचं की आज तू काही केलंस की भोपळा. बहुतेक वेळा खळखळाट नसायचाच. तू फलंदाज बेताचा होतास, विजू. तीन-चार बॉल टिकायचास. तुझी खरी कमाल यष्टीमागे होती. तिथे वाकून तू फलंदाजाला त्याच्या म्हशीचं, बायकोचं, काल रात्रीच्या भाजीचं विचारत राहायचास आणि तो वैतागून बाहेर आला की बेल्स उडवायचास.

पण मुलांना ते काय कळवायचं? मी दर महिन्याला त्यांना ई-मेल लिहिते, व्यवस्थित, परिच्छेद पाडून. त्यात मी लिहू लागले की विजूआजोबांनी परवाची मॅच काढून दिली. नंतर लिहिलं, विजूआजोबा आमचे मुख्य फलंदाज आहेत. आधी एकदा तुला दडवलं होतं, आता नटवू लागले. दोन्ही वेळा कारण एकच होतं, आणि ते तू नव्हतास.

मग रोहनचा फोन आला. ‘आजी, पुढची मॅच लाइव्ह दाखव ना. मी आणि अनया दोघं बघू.’

शनिवारी मी किरणला फोन केला. किरण वरवंडचा, आठवीत माझ्या वर्गात होता. आता शिरूरकडच्या कारखान्यात कामाला असतो, म्हणून तो शिरूरच्या संघात जोडीदार. त्यांचं शेवटचं षटक तोच टाकायचा. मी त्याला म्हटलं, उद्या विजूला जरा सांभाळून घे. तो म्हणाला, ‘हळू तर टाकतोच की, बाई.’ मी म्हटलं, हळू नाही रे, मारता येईल असा टाक. आणि बॉल वर गेलाच तर झेल सोडून द्या.

तो म्हणाला, ‘बाई, सरांचा नियम हाय ना पन.’

‘किरण,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज वर्गातला झाला होता हे मला तेव्हाही कळलं, ‘एका षटकाने कुणाचं काय बिघडतं?’

‘व्हय बाई,’ तो म्हणाला. आठवीतही तो असाच म्हणायचा.

मुलांनो, कुणाचं काय बिघडलं ते आता ऐका.

दौंडला शेवटच्या षटकात बारा रन हवे होते आणि विजूआजोबा खेळायला आले. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून बसले होते. पहिला बॉल पायावर, फुलटॉस, चार रन. पुढचे दोन तसेच सोपे होते, तरी हुकले. चौथा तू उंच मारलास, विजू. तो थेट सीमेजवळ उभ्या असलेल्या सुनीकडे गेला.

सुनी वडगाव रासाईची. वय पंचवीस-सव्वीस, बोलते कमी. संघात आल्यापासून तिने एकही झेल घेतला नव्हता. तिची आई घरी ओट्यावर बसून तिच्याकडे कांदे फेकायची आणि ती ते झेलायची. फुटलेले कांदे त्या दिवशीच्या भाजीत जायचे. तू मला सांगितलं होतंस की आता त्यांच्या घरी कांदे फुटायचे बंद झालेत. त्या दिवशी ती बॉलखाली बरोबर उभी होती. ओंजळ छातीशी, कोपरं आत, नजर वर. सरांनी शिकवलं होतं अगदी तसं.

किरण ओरडला, ‘सुनी, सोड! सोड तो!’

सुनीने सांगितलेलं ऐकलं. तिला कायमच सांगितलेलं ऐकायला शिकवलेलं आहे. तिने हात खाली घेतले. बॉल तिच्या पायाशी पडला आणि घरंगळत चुन्याच्या रेषेपलीकडे गेला. मी वहीत चार लिहिले. व्हिडिओत इथे फोन हलला आहे, म्हणून अनयाने तेवढा भाग कापून टाकला. फोन हलला, कारण माझा हात हलला.

पाचवा हुकला. शेवटच्या बॉलवर पुन्हा चार. सगळे ओरडले म्हणून तू बॅट वर केलीस. व्हिडिओ तिथेच संपतो. त्यानंतर तू आमच्याकडे आला नाहीस. सुनी रेषेवर ओढणीत तोंड घालून बसली होती. तू बॅट ओढत तिच्याकडे गेलास आणि तिच्याशेजारी बसलास. मला वाटलं, दमलास.

परतीच्या एसटीत तू माझ्याशेजारी बसला नाहीस. घरी मी चहा केला. माझ्या लिहायच्या टेबलावर तू खिसा रिकामा केलास आणि चिंचोके मोजत माझ्या पुढ्यात ठेवलेस. बारा.

‘हे तुझे,’ तू म्हणालास.

‘माझे कसे? रन तू काढलेस.’

‘न्हाई. मी आउट व्हतो. सुनी घेनार व्हती. किरण्यानं सोडायला लावला.’ मग तू माझ्याकडे बघितलंस. ‘ताई, तू सांगितलं व्हतंस का त्याला?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी कशाला सांगू?’

तू बघतच होतास. म्हणून मी आणखी बोलले. ते इथे लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. मी म्हटलं, ‘उगीच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. तुला कळत नाही ते.’

तू चहा प्यालास. बशी पुसून ठेवलीस, मला आवडते तशी. मी ते चिंचोके एका पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि खणात ठेवून दिले. प्रत्येक गोष्टीला जागा हवी ना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या टेबलावर, कागदांवरच, बॉल ठेवलेला होता. ‘ताई, टाक,’ तू म्हणालास. हातात बॅट. मी म्हटलं, माझा गुडघा बघतोस ना? ‘एकच. खरा.’ मी म्हटलं, नंतर, आणि बॉल उचलून टोपलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बॉल टेबलावर. चौथ्या दिवशीही. दोन महिने, विजू. मला वाटायचं तुझा नवा हट्ट आहे. जुने हट्ट जसे आपोआप गेले तसा हाही जाईल. मी रोज तो बॉल टोपलीत ठेवत होते. एकदा तर रागावून म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवायला कधी शिकणार?

मधल्या एका सामन्यात किरणने तुला पहिल्याच बॉलवर त्रिफळाचीत केलं. मधली यष्टी लांब जाऊन पडली. तू बॅट टाकलीस, धावत गेलास आणि त्याला मिठी मारलीस. दोघं हसत होतात. किरण हसता हसता डोळे पुसत होता, तेही मी पाहिलं. त्या महिन्याच्या ई-मेलमध्ये मी मुलांना लिहिलं की आपले विजूआजोबा इतके निरागस आहेत, आउट झालं की काय होतं हेही त्यांना कळत नाही, बाद करणाऱ्यालाच मिठी मारतात. रोहनने उत्तरात तीन लाल बदाम पाठवले होते.

तू गेलास त्या दिवशी सराव होता. सकाळी बूट घालून, नाड्या स्वतः बांधून अंगणातल्या खुर्चीत बसला होतास. मी आत कागद लावत होते. टेबलावर बॉल होता, तो उचलून टोपलीत ठेवला, मग तुला हाक मारली. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि त्रास झाला नसणार. दफनाला दोन्ही संघ टेंपोतून आले. त्यांनी तुझ्या पेटीत टोपी ठेवली, आणि मी तुझा चिंचोक्यांचा डबा ठेवला. बारा चिंचोक्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. ते काढायला माझा हात गेला नाही. त्यांना तिथे जागा नव्हती, एवढं मलाही समजत होतं.

परवा प्रार्थना संपून मंडळी गेल्यावर किरण खुर्च्या घड्या करायला थांबला. सगळ्या घड्या करून झाल्या तरी जाईना. मग भिंतीकडे, जिथे व्हिडिओ दाखवला होता तिकडे, बघत म्हणाला, ‘बाई, विजूमामांनी मला विचारलं व्हतं. खोटं टाकलं का म्हणून.’

‘मग?’

‘मी व्हय म्हणालो. तुमचं नाव न्हाई घेतलं. आन् त्यांनी बी न्हाई विचारलं.’ त्याने शेवटची खुर्ची उगाच उघडली आणि पुन्हा मिटली. ‘मला वाटलं आता शिव्या देतील. तर म्हणले, किरण्या, आता एक खरा टाक. मंग मिटलं. म्हणून मी जीव लावून टाकला, बाई. मामांनी मिठी मारली, आन् मिटलं.’

मी त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला आणि गेला.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दोन महिने तू रोज माझ्यासाठी दार उघडून ठेवत होतास आणि मी ते रोज, नीटनेटकेपणाने, लावून घेत होते. मला फार काही करायचं नव्हतं. एक बॉल टाकायचा होता. तो खरा टाकला असता तर न बोलताही सगळं कबूल झालं असतं. एवढी सवलत तू मला दिली होतीस, कारण तुझ्या ताईला तोंडाने कबूल करणं जमत नाही हे तुला पक्कं माहीत होतं.

काल रविवार होता. मी उपासना चुकवली आणि सकाळच्या गाडीने शिरूरच्या मैदानावर गेले. सामन्याआधी सगळ्यांना बोलावून मी सांगितलं. फार व्यवस्थित नाही सांगता आलं. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘मला तेव्हाच शंका आली होती, बाई. पण वही तुमची होती. तुमच्या वहीला कोण विचारणार?’ ते हे रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, वहीत दुरुस्ती करू का? लाल पेन नेलंच होतं. सरांनी मान हलवली. काय लिहिणार? सुनीने झेल घेतलेला नाही. तो घेऊ दिला नाही. त्याला स्कोअरच्या वहीत खूण नाही.

सुनी मागे उभी होती. मी तिच्यापुढे गेले आणि म्हटलं, सुनी, तो झेल मी सोडायला लावला. किरणने नाही.

‘मला ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘मामानं सांगितलंय. माजा झेल व्हता म्हणला.’ मग तिने सरांच्या पिशवीतून बॉल आणला, माझ्या हातात दिला आणि लांब जाऊन उभी राहिली. ओंजळ छातीशी, कोपरं आत.

मी बॉल वर फेकला. माझ्याने जेवढा जाईल तेवढा उंच. सुनी त्याच्याखाली आली, बॉल तिच्या ओंजळीत पडला आणि उडून खाली गेला. ‘असू दे, छान होता’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. चाळीस वर्षं मी ते तुला म्हणत आले. मी ते गिळले.

सुनीने बॉल परत आणून दिला. ‘बाई, खरा टाका.’

‘खराच होता, सुनी.’

तिने यावर थोडा विचार केला. ‘मंग अजून टाका,’ ती म्हणाली आणि पुन्हा लांब गेली.

मी टाकत राहिले. गुडघा दुखत होता. दोन्ही संघ कडेला बसून बघत होते, सामना उशिरा सुरू झाला आणि कुणी घाई केली नाही. किती टाकले, तिने किती घेतले, ते मी मोजलं नाही.

रोहन, अनया, तो व्हिडिओ पुसू नका. पण त्यावरचा पियानो काढा, आणि कापलेला तुकडा परत जोडा. किरणचा आवाज त्यात आहे. सुनी कशी उभी होती तेही त्यात असेल. तुमच्या आजीचा हात हललेला दिसेल, तो दिसू द्या.

विजू, तुझा बॉल टोपलीतून काढला आहे. टेबलावर, कागदांवरच ठेवलाय. तू चहाच्या वेळी विचारलं होतंस आणि मी नाही म्हटलं होतं. होय, विजू. मी सांगितलं होतं. तुला कळत होतं.